साठीनंतरचे स्नायू: आतड्यातले जीवाणू, ऑक्सिडेटिव्ह ताण आणि आपल्याला करता येण्यासारखं काय?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ता)

वजनकाट्यावर विसंबून राहिलं की साठीनंतर फसगत होते. वजन दहा वर्षांपूर्वी होतं तेवढंच भरतं, पण मांडीतला स्नायू घटलेला असतो आणि ती जागा चरबीने भरून काढलेली असते. स्नायूंची ताकद आणि आकारमान दोन्ही उतरणीला लागणं म्हणजे सार्कोपेनिया. अमेरिकेत २०१६ साली या अवस्थेला आजारांच्या यादीत स्वतंत्र संकेतांक मिळाला. आपल्याकडे अजूनही "वय झालं, चालायचंच" म्हणून विषय मिटतो. यात आतड्याचा संबंध कुठे येतो, याबद्दल समाजमाध्यमांवर बरंच उलटसुलट फिरतंय, म्हणून हा धागा.

साखळी अशी आहे. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट नावाचं लहान स्निग्धाम्ल आहे. जेवणातला जो तंतू (फायबर) लहान आतड्यात पचत नाही तो पुढे जातो, आणि फीकॅलिबॅक्टेरियम, रोझबुरिया वगैरे जीवाणू तो आंबवून ब्युटिरेट बनवतात. ते जाळताना अस्तराच्या पेशी प्राणवायू संपवतात, त्यामुळे आतड्याच्या पोकळीत प्राणवायू जवळजवळ उरत नाही. ब्युटिरेट बनवणाऱ्या जीवाणूंना हीच परिस्थिती मानवते. तंतू कमी पडला की ब्युटिरेट घटतं, पेशी प्राणवायू कमी वापरतात, तो पोकळीत झिरपतो, आणि ई. कोलायच्या कुळातल्या, प्राणवायू चालणाऱ्या जीवाणूंचं फावतं. एकदा हे चक्र उलटं फिरू लागलं की स्वतःच स्वतःला खतपाणी घालतं.

या दुसऱ्या गटाच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड असतं. अस्तराचे सांधे सैल पडले की त्याचा अंश रक्तात उतरतो. रोगप्रतिकारक पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) त्याला ओळखतो आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ असे दाहकारक संदेश सुटतात. तापासारखं जोरदार काही होत नाही. वर्षानुवर्षं मंद आचेवर चालणारा दाह असतो हा.

स्नायूपेशीत हा संदेश पोचला की दोन गोष्टी घडतात. प्रथिनं मोडणारी यंत्रणा जागी होते. अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही प्रथिनं स्नायूतल्या प्रथिनांवर "मोडीत काढा" अशी खूण करतात. आणि जेवणातून आलेल्या प्रथिनाला स्नायूचा प्रतिसाद मंदावतो, म्हणजे तेवढीच आमटी खाऊन तरुणाच्या स्नायूत जेवढी बांधणी होते तेवढी सत्तरीच्या माणसात होत नाही.

ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे प्राणवायूपासून बनणाऱ्या उपद्रवी रेणूंचा अतिरेक, दाह आणि स्नायूंची झीज या दोन्हींच्या मध्ये बसतो. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, ऊर्जा बनताना इलेक्ट्रॉन गळतात आणि सुपरऑक्साइड तयार होतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड. थोड्या प्रमाणात ते उपयोगी आहे. व्यायामाला स्नायू जुळवून घेतो तो याच संकेतावर. पण जुने, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया साफ करण्याचं काम वयाबरोबर मंदावतं, गळती वाढते, दाहामुळे आणखी भर पडते, आणि संकेताचं रूपांतर सततच्या गोंगाटात होतं.

माझं मत आधीच मांडतो: आतडं हा या गोष्टीतला खरा दुवा आहे, पण एकट्या त्याला हात घालून स्नायू परत येत नाहीत.

शंकासुर

साखळी पटते. पण यातली प्रत्येक कडी माणसात सिद्ध झालीय की अर्धी उंदरांत? मला वाटतं हे वेगळं करून सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सूक्ष्मदर्शी

रास्त मागणी.

उंदरांतला पुरावा भक्कम आहे. सिंगापूरच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की आतड्यात एकही जीवाणू नसलेल्या उंदरांचे स्नायू बारीक असतात, नस (मज्जातंतू) आणि स्नायू जिथे जुळतात तिथली काही महत्त्वाची जनुकं कमी चालतात, आणि लहान स्निग्धाम्लं दिली की हे काही अंशी सुधारतं. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठातलं २०१७ चं काम आहे: जीवाणूविरहित उंदीर म्हातारे झाले तरी त्यांच्यात वयाबरोबर वाढणारा दाह दिसला नाही. अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी चांगल्या आणि दुबळ्या हालचालींच्या ज्येष्ठांची विष्ठा वेगवेगळ्या उंदरांत रुजवली. चांगल्या गटाची विष्ठा मिळालेल्या उंदरांची पकड बळकट झाली. मात्र शरीरातल्या स्नायूंचं प्रमाण बदललं नाही, हे सांगणारा कमी भेटतो.

माणसात निरीक्षणं आहेत. आयर्लंडमधल्या १७८ ज्येष्ठांच्या पाहणीत (२०१२) दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांच्या आतड्यातलं जीवाणूवैविध्य घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी होतं, आणि ते दुर्बलतेशी जुळत होतं. पण शुश्रूषागृहातलं जेवणही वेगळं, हालचालही कमी. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे त्यातून ठरत नाही.

प्रत्यक्ष चाचण्या मोजक्या. स्पेनमध्ये ६० ज्येष्ठांना १३ आठवडे इन्युलिन आणि फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (प्रीबायोटिक, म्हणजे आतड्यातल्या जीवाणूंना खाद्य ठरणारे तंतू) दिलं तेव्हा थकवा आणि हाताची पकड सुधारली. लंडनच्या किंग्ज कॉलेजची २०२४ ची चाचणी मला जास्त मोलाची वाटते, कारण ती ६० वर्षांवरच्या जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर होती. दोन्ही भावंडांना व्यायाम आणि अमिनो आम्लं मिळाली. एकालाच साधारण साडेसात ग्रॅम प्रीबायोटिक. १२ आठवड्यांनी बायफिडोबॅक्टेरिया वाढले, स्मरणाच्या चाचणीत सुधारणा दिसली, पण खुर्चीतून उठण्याच्या वेळेत फरक पडला नाही.

शंकासुर

म्हणजे जीवाणू बदलले आणि पाय बदलले नाहीत. हे वाक्य या धाग्यात सगळ्यात वर यायला हवं होतं.

नाचणीसत्त्व

पाय बदलले नाहीत हे खरं, पण १२ आठवड्यांत पायांवर वेगळा परिणाम दिसावा ही अपेक्षा जरा घाईची आहे. दोन्ही गटांना व्यायाम होता. व्यायामाचा परिणाम इतका मोठा असतो की त्यावर प्रीबायोटिकचा थर दिसायला जास्त माणसं आणि जास्त काळ लागेल. तंतू वाढवण्याची कारणं इतरही पुष्कळ आहेत: बद्धकोष्ठता, साखर, कोलेस्टेरॉल. स्नायू हे त्याचं एकमेव समर्थन नको, एवढंच म्हणेन.

कोकणकडा

ऑक्सिडेटिव्ह ताण हे मूळ असेल तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेऊन काम व्हायला हवं ना? औषधाच्या दुकानात क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या ज्येष्ठांना सर्रास देतात.

सूक्ष्मदर्शी

उलट घडतं, आणि याचा पुरावा थेट ज्येष्ठांमधलाच आहे. नॉर्वेत ६० ते ८१ वयाच्या पुरुषांनी १२ आठवडे वजनाचे व्यायाम केले. निम्म्यांना रोज १,००० मिलिग्रॅम क आणि २३५ मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, निम्म्यांना नुसती, म्हणजे जीवनसत्त्व नसलेली, गोळी. नुसती गोळी घेणाऱ्यांचं चरबीविरहित वस्तुमान ३.९ टक्के वाढलं, जीवनसत्त्व घेणाऱ्यांचं १.४ टक्के. मांडीच्या पुढच्या स्नायूची जाडीही त्यांच्यात कमी वाढली. ताकद दोन्ही गटांची वाढली, हे नोंदवायला हवं. त्याआधी २००९ मध्ये तरुण पुरुषांवर झालेल्या प्रयोगातही क आणि ई दिल्यावर व्यायामाने इन्सुलिनला मिळणाऱ्या प्रतिसादात होणारी सुधारणा झाकली गेली.

कारण वर आलंच आहे: पेरॉक्साइड हा संकेतही आहे. व्यायामानंतर येणारी ती लहानशी लाट स्नायूला सांगते की स्वतःचे संरक्षक एन्झाइम वाढव, नवे मायटोकॉन्ड्रिया बनव. मोठी मात्रा घेऊन लाटच विझवली तर निरोप पोचत नाही.

दुसरी बाजू आणखी रंजक आहे. एसओडी-१ हा सुपरऑक्साइड निकामी करणारा एन्झाइम नसलेल्या उंदरांचे स्नायू लवकर झडतात. पण फक्त स्नायूतून तो काढला तर तसे झडत नाहीत. म्हणजे नुकसानीचा मोठा भाग नसेच्या टोकाशी होतो. नस सुटली की तो स्नायूतंतू पोरका होतो, आणि नस तुटलेल्या स्नायूत पेरॉक्साइड आणखी वाढतं. ताकद ही आकारमानापेक्षा वेगाने का जाते, याचं हे एक मुख्य कारण.

आवळा, पेरू, लिंबू जेवणातून खायला काहीच हरकत नाही. तपासणीत कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर ती घ्यायचीच. मी बोलतोय ते सबळ कारणाशिवाय रोज घेतल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेबद्दल.

माणदेशी

सांगोला, पंढरपूर पट्ट्यात डाळिंबाच्या नावाने युरोलिथिनची जाहिरात आता यायला लागली आहे. यात तथ्य किती?

सूक्ष्मदर्शी

तथ्य आहे, पण जाहिरात सांगते तेवढं नाही.

डाळिंबात प्युनिकॅलॅजिन वगैरे एलॅजिटॅनिन (टॅनिनचा एक प्रकार) असतात. ती जशीच्या तशी फारशी शोषली जात नाहीत. आतड्यातले गॉर्डोनिबॅक्टरसारखे जीवाणू त्यांचं टप्प्याटप्प्याने युरोलिथिनमध्ये रूपांतर करतात. युरोलिथिन-ए मुळे पेशी बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढून साफ करते, हे सूक्ष्म कृमींत आणि उंदरांत २०१६ साली दिसलं. या धाग्याचा सगळा विषय या एका रेणूत आहे: अन्न, जीवाणू, मायटोकॉन्ड्रिया, स्नायू.

अडचणी तीन. सगळ्यांच्या आतड्यात ते जीवाणू नसतात. कुणात युरोलिथिन-ए भरपूर बनतं, कुणात वेगळ्या प्रकारचं, कुणात जवळपास नाहीच. अमेरिकेतल्या एका पाहणीत डाळिंबाचा रस पिऊन लक्षणीय युरोलिथिन-ए बनवणारे सुमारे ४० टक्केच निघाले. दुसरं, टॅनिन दाण्यांपेक्षा सालीत आणि आतल्या पिवळ्या पडद्यात जास्त असतं. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते उतरतं, घरी दाणे सोलून काढलेल्या रसात कमी. भगवा या डाळिंबाच्या जातीचे गोड दाणे फळ म्हणून उत्तम, पण चाचणीतल्या मात्रेशी त्यांची तुलना करू नये. तिसरं, चाचणीचे निकाल. ६५ ते ९० वयाच्या ६६ जणांना चार महिने रोज १,००० मिलिग्रॅम शुद्ध युरोलिथिन-ए दिलं. सहा मिनिटांत चालून होणाऱ्या अंतरात नुसत्या गोळीच्या तुलनेत फरक सिद्ध झाला नाही. हाताच्या आणि पायाच्या एकेका स्नायूची दमेपर्यंतची क्षमता मात्र वाढली.

आणि सालीची पूड मनाने खाऊ नये. मात्रा ठरलेली नाही, आणि फवारणीचे अंश सालीवरच असतात.

माणदेशी

मधुमेह्यांनी रस न पिता दाणेच खावेत, हेही जोडतो. पाऊण वाटी, जेवणाबरोबर.

कोकणकडा

आता स्वयंपाकघरात या. समजा सत्तरीची बाई, वजन ६० किलो, शाकाहारी, दात बरे, मूत्रपिंड ठीक. नेमकं किती आणि काय?

नाचणीसत्त्व

आधी प्रथिनं, मग तंतू. हा क्रम मुद्दाम सांगते, कारण ज्येष्ठांची भूक मुळात कमी असते. कोशिंबीर, फळं, इसबगोल यांनी पोट भरलं की डाळ-दूध ताटात राहतं, आणि "आरोग्यदायी" जेवणाने स्नायू आणखी झडतात. हे फार ठिकाणी होतं.

आयसीएमआर-एनआयएनची (राष्ट्रीय पोषण संस्थेची) २०२० ची शिफारस सर्वसाधारण प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. ज्येष्ठांसाठी तज्ज्ञगटांनी १.० ते १.२ ग्रॅम सुचवलंय. म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या घरी हे तीन जेवणांत सारखं वाटलं जात नाही. सकाळी चहा-पोहे म्हणजे जेमतेम पाच-सहा ग्रॅम. म्हातारा स्नायू कमी मात्रेला दाद देत नाही, म्हणून प्रत्येक मुख्य जेवणात निदान २० ग्रॅम, जमल्यास २५ ते ३०.

सकाळी ५० ग्रॅम बेसनाची दोन धिरडी (११), १०० ग्रॅम दही (३), एक मोठा कप, म्हणजे २५० मिली दूध (८). दुपारी १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या (१०), ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ (८), दीड वाटी दही (५). संध्याकाळी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम (६). रात्री ४० ग्रॅम तांदूळ आणि ४० ग्रॅम मुगाच्या डाळीची मऊ खिचडी (१२), २५० मिली दूध (८). झाले ७० च्या आसपास. आकडे कोरड्या जिन्नसाचे आहेत. शिजलेली वाटी मोजू नका, कारण आमटीत डाळ किती आणि पाणी किती ते घरागणिक बदलतं. एकदाच काट्यावर मोजून आपल्या घरातली वाटी ठरवून घ्या.

ल्युसिन हे अमिनो आम्ल बांधणीचा खटका दाबतं. ज्वारीच्या प्रथिनात ते भरपूर आहे पण लायसिन कमी, डाळीत लायसिन बरं आहे. भाकरी-उसळ हा जोड त्यामुळे खरोखर चांगला. दुधा-दह्याने ल्युसिन आणखी वाढतं. भूक फारच कमी असेल तर दह्यात किंवा नाचणीच्या लापशीत २५ ग्रॅम स्किम्ड दूध पावडर घाला, आकारमान न वाढवता साधारण ९ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत असेल तर एकाला ६ ग्रॅम. मासे खाणाऱ्यांना १०० ग्रॅम बांगड्यात २० च्या आसपास. तिथे प्रश्नच सुटतो.

तंतूचं लक्ष्य २५ ते ३० ग्रॅम. वरच्या दुपारच्या जेवणातच १५ च्या वर जातो. पण जो माणूस आज १२ ग्रॅमवर आहे त्याला एका दिवसात तिथे नेऊ नका. आठवड्याला एकच बदल, ४-५ ग्रॅमचा: आधी एका पोळीऐवजी भाकरी, पुढच्या आठवड्यात उसळ एक दिवसाआड, मग रोज.

कोकणकडा

आणि वात धरतो त्याचं काय? उसळ म्हटली की ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात.

नाचणीसत्त्व

कडधान्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा आपल्याला पचत नाहीत, जीवाणू त्यांचा वायू करतात. त्यातूनच स्निग्धाम्लंही होतात, त्यामुळे वायू शून्य व्हावा अशी अपेक्षा ठेवू नका. ८ ते १२ तास भिजवा, ते पाणी टाका, मोड आणा, नव्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवा. अर्धकच्ची मोडाची उसळ ज्येष्ठांना देऊ नये. पचायलाही जड आणि कच्च्या मोडांत जंतुसंसर्गाचा धोका असतो. सुरुवात सालीच्या मुगाने, मग मटकी, मग चवळी; वाल आणि राजमा सगळ्यात शेवटी. त्रास झाला तर मात्रा निम्मी करून दोन आठवडे तिथेच थांबा. बंद करू नका. जीवाणूंचा मेळ बसायला वेळ लागतो.

इसबगोलबद्दल गैरसमज आहे. ते पाणी धरून मल मऊ करतं, पण जीवाणू ते फारसं आंबवत नाहीत. बद्धकोष्ठतेला घ्या, ब्युटिरेटसाठी त्यावर भिस्त ठेवू नका. पूर्ण पेलाभर पाण्याबरोबरच, आणि गिळायला त्रास असेल तर अजिबात नको. जीवाणूंना खाद्य हवं असेल तर कांदा, लसूण, कच्च्या केळ्याची भाजी, शिजवून गार केलेला भात किंवा बटाटा. गार झाल्यावर थोडा स्टार्च न पचणारा होतो आणि पुन्हा गरम केला तरी बराचसा तसाच राहतो. भात शिजला की तासा-दीड तासात फ्रिजमध्ये, ओट्यावर रात्रभर नाही.

शंकासुर

ताक, इडली, आंबील, लोणचं, हे सगळं "प्रोबायोटिक", म्हणजे उपयोगी जिवंत जीवाणू असलेलं, म्हणून फिरतं.

नाचणीसत्त्व

इडली वाफवतो, आंबील शिजवतो, तिथे जिवंत जीवाणू उरत नाहीत. आंबवण्याचे इतर फायदे आहेत, ते वेगळे. आपली तेला-मोहरीची लोणची बहुतेक आंबवलेली नसतातच, आणि मीठ जास्त. जिवंत जीवाणू हवेत तर दही आणि ताक. ते आतड्यात कायमचे वस्तीला राहत नाहीत, रोज थोडं खावं लागतं. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या प्रयोगात ३६ निरोगी प्रौढांपैकी आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्या गटात जीवाणूवैविध्य वाढलं आणि दाह दाखवणारी अनेक प्रथिनं घटली. नुसता तंतू वाढवलेल्या गटात वैविध्य वाढलं नाही. अर्थात ती मंडळी ज्येष्ठ नव्हती आणि स्नायू तिथे मोजलेच नव्हते.

तिसरी_पायरी

इतका वेळ वाचत होतो. जेवणावर एवढं आणि व्यायामावर काहीच नाही, म्हणून लिहितो.

१९९४ साली बॉस्टनमध्ये शुश्रूषागृहातल्या १०० ज्येष्ठांवर चाचणी झाली, सरासरी वय ८७. दहा आठवडे जड वजनाचे व्यायाम केलेल्यांची ताकद ११३ टक्के वाढली. नुसतं पोषणपूरक दिलेल्यांना उपयोग झाला नाही. वजन उचलल्याशिवाय नुसत्या पूरकाने ताकद येत नाही, हे तीस वर्षांपूर्वी दिसलेलं आहे.

आधी मोजा. हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंच बैठकीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उठा-बसा, घड्याळ लावून. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी. पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषात ३४, स्त्रीत ३३ सेंटिमीटरच्या आत असेल तर तीही खूण; पण पायांना सूज असेल तर हा आकडा खोटा दिलासा देतो. पकड मोजायचं यंत्र मिळालं तर पुरुषात २८ आणि स्त्रीत १८ किलोच्या खाली म्हणजे कमी. दर वेळी तेच यंत्र, तीच बैठक, दोनदा मोजून मोठा आकडा.

आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीतून उठणं ८ ते १२ वेळा, असे दोन ते तीन फेरे, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. बसताना तीन मोजत सावकाश, उठताना जमेल तितकं झटकन. झटकन यासाठी की वयाबरोबर आधी झडतात ते वेगवान स्नायूतंतू, आणि ठेच लागल्यावर तोल सावरतात तेही तेच. शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत. लागोपाठ दोन दिवस सगळे फेरे १२ पर्यंत सहज झाले की पाठपिशवीत एक लिटरची पाण्याची बाटली घाला, म्हणजे एक किलो. ती पिशवी छातीशी धरा. याच्या जोडीला ओट्याला धरून टाचा उचलणं, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढणं, आणि पायरी चढ-उतार. एवढं पुरे.

चुका ठरावीक असतात. हातांनी मांडीवर रेटा देऊन उठणं. श्वास कोंडणं, त्याने रक्तदाब चढतो. उठताना श्वास सोडा. गुडघे आत वळणं. आणि सगळ्यात मोठी: सहा महिने तेच वजन, तेवढ्याच वेळा. गुडघ्याची झीज असेल तर बैठकीवर उशी ठेवून उंची वाढवा, व्यायाम सोडू नका. दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं चालतं, सांध्यातली तीक्ष्ण कळ किंवा छातीतली जड भावना नाही. तिथे थांबून डॉक्टर. हृदयविकार, अलीकडची शस्त्रक्रिया, काबूत नसलेला रक्तदाब असेल तर आधी परवानगी.

"आम्ही रोज पाच किलोमीटर चालतो" हे उत्तर नेहमी मिळतं. चालणं हृदयाला आणि साखरेला छान. वेगवान तंतूंवर त्याने पुरेसा भार येत नाही.

सूक्ष्मदर्शी

औषधांचा मुद्दा राहिला. पित्ताच्या पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल वर्गातल्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल घटतं, तोंडातले जीवाणू जिवंत खाली पोचतात आणि आतड्यातली वस्ती बदलते. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. बऱ्याच जणांना काही आठवड्यांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. ती अजून हवी का, हे डॉक्टरांना विचारावं. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ती जठर वाचवण्यासाठीही दिलेली असते, तेव्हा मनाने बंद नको.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध आतड्यातले जीवाणू बदलतं. २०१९ ची एक चाचणी आहे: मधुमेह नसलेल्या ६५ वर्षांवरच्यांनी १४ आठवडे वजनाचे व्यायाम केले तेव्हा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे स्नायू कमी वाढले. मधुमेह असलेल्यांनी यावरून गोळी सोडायची नाही. वाढलेली साखर स्नायूंचं जास्त नुकसान करते. पण "दीर्घायुष्यासाठी" म्हणून मधुमेह नसताना ती घेणाऱ्यांनी हे वाचावं. गोळी चालू असेल त्यांनी बी-१२ अधूनमधून तपासावं.

शंकासुर

आतड्याच्या तपासण्या? विष्ठेचा अहवाल, झोन्युलिन (आतड्याच्या अस्तराचे सांधे सैल करणारं प्रथिन), "लीकी गट" म्हणजे गळक्या आतड्याचं पॅकेज?

सूक्ष्मदर्शी

पैसे वाचवा. झोन्युलिनचे बाजारातले संच नेमकं कोणतं प्रथिन मोजतात याबद्दलच प्रकाशित शंका आहेत. विष्ठेतल्या जीवाणूंच्या अहवालावरून स्नायूंसाठी करायचं असं काही वेगळं निघत नाही. शेवटी "तंतू खा" हेच छापून येतं. त्याऐवजी हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड).

क्रिएटिनिनबद्दल एक सावधगिरी. ते स्नायूतूनच येतं. स्नायू झडलेल्या माणसात ते कमी दिसतं आणि मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगलं वाटतं. शंका असेल तर स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेलं सिस्टॅटिन-सी हे रक्तातलं प्रथिन मोजतात. हे महत्त्वाचं, कारण मूत्रपिंडाचा विकार पुढे गेलेला असेल तर वरची प्रथिनांची मात्रा लागू होत नाही. शिवाय तिथे आतड्याचा धागा उलट दिशेने येतो: जीवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून इंडोल करतात, यकृत त्याचं इंडॉक्सिल सल्फेट करतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, आणि साठलेलं इंडॉक्सिल सल्फेट स्नायूत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतं. अशांनी आहार मूत्रपिंडतज्ज्ञांनाच विचारून ठरवावा.

कोकणकडा

शेवटचा प्रश्न. न्यूमोनियासारख्या आजारात आठवडाभर दवाखाना, अँटिबायोटिक, पोट बिघडलेलं. घरी आल्यावर सुरुवात कुठून?

तिसरी_पायरी

दवाखान्यातूनच. निरोगी ज्येष्ठांना प्रयोगासाठी दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतून जवळपास एक किलो चरबीविरहित वस्तुमान गेलं होतं. आजारी माणसात त्याहून वाईट. डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण पलंगावर नाही, खुर्चीत बसून. पलंगावर असताना दर तासाला घोटे वर-खाली दहा-दहा वेळा. घरी आल्यावर उंच केलेल्या खुर्चीतून पाच उठबशा, दिवसातून तीनदा, शेजारी कुणीतरी उभं. पिशवीतलं वजन आधी होतं त्याच्या निम्म्यावरून, तेही साध्या उठबशा दहापर्यंत झाल्यावर.

नाचणीसत्त्व

जुलाब चालू असताना तंतू वाढवू नका. पहिले काही दिवस मऊ भात-दही, पिकलं केळं, पातळ मुगाचं वरण, अंडं चालत असेल तर उकडून. मल बांधून आला की सालीचे मूग, त्यानंतर भाकरी, मग उसळ. दोन-तीन आठवडे लागले तरी चालेल. या काळात प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. दूध तात्पुरतं सोसत नसेल तर दही, ताक, पनीर.

अँटिबायोटिकनंतर दिवसात तीन किंवा जास्त पातळ जुलाब, सोबत ताप किंवा पोटात कळा असतील तर जुलाब थांबवायची गोळी घरी देऊ नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि कोणतं अँटिबायोटिक किती दिवस घेतलं, तो कागद बरोबर ठेवा.